सांता क्लारा काउंटीत डीयूआयची (दारू पिऊन गाडी चालवल्याची) कोर्टातली नोंद कशी शोधायची?

शेवंती
नमस्कार मंडळी. विषय नाजूक आहे, म्हणून नावगाव लिहीत नाही.

मी कॅलिफोर्नियात सनीव्हेलला राहते. माझ्या मावसबहिणीच्या मुलीला सॅन होजेमधलं एक स्थळ सांगून आलंय. मुलगी स्वतः ठाण्यात असते. मुलगा शिकलेला, घरचे सरळ, दोघांचं फोनवर बोलणं सुरू आहे आणि जमतंयही. अशात कुणीतरी बहिणीच्या कानावर घातलं की मुलाला मागे दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं होतं. मूळ बातमी कुणाची, याचा पत्ता नाही. बहिणीने साहजिकच मला फोन केला, "तू तिथेच आहेस ना, जरा बघ."

पैसे घेऊन माहिती देणारी एक साइट उघडली. मुलाच्या नावाचा, साधारण त्याच वयाचा माणूस, सांता क्लारा काउंटी (म्हणजे आमचा जिल्हा), आणि खाली लाल अक्षरांत "फौजदारी नोंद असू शकते". पुढचं वाचायचं तर क्रेडिट कार्ड द्या. मी तिथेच थांबले. नाव आणि आडनाव दोन्ही इतकं सर्रास आढळणारं आहे की त्या नावाचे निदान दोघे तर माझ्याच ओळखीत आहेत.

कोर्टाच्या नोंदी सगळ्यांना खुल्या असतात असं ऐकलंय. मग त्या सरळ कोर्टातून कशा बघायच्या? आणि दुसरं, हे असं बघणं बरोबर आहे का? मला खरंच कळत नाहीये. स्पष्ट लिहा, राग येणार नाही.

साऊथबे_सुहास
शेवंतीताई, ती साइट सोडून द्या. नाव, वय आणि जुने पत्ते गोळा करून जोडलेली माहिती असते ती. तळाशी बारीक अक्षरांत त्यांनीच लिहिलेलं असतं की नोकरी किंवा घरभाड्याच्या निर्णयासाठी ही वापरू नका.

मुळात "सांता क्लारा काउंटी" हे कुठून आलं ते बघा. मुलगा तिथे राहतो म्हणून तुम्ही तिथे शोधताय. पण केस चालते ती गाडी जिथे अडवली त्या काउंटीत. सनीव्हेलचा माणूस सॅन फ्रान्सिस्कोहून परत येताना १०१ हायवेवर रेडवुड सिटीजवळ अडवला गेला तर केस सॅन मटेओ काउंटीत. फ्रीमाँटला अडवला तर अलमेडात. टाहोहून परतताना कुठे अडवला त्यावर आणखी तिसरीच. कॅलिफोर्नियात ५८ काउंट्या आहेत, प्रत्येकीचं आपलं सुपिरियर कोर्ट, आणि सगळीकडच्या केसेस एका जागी शोधता येतील अशी लोकांसाठी खुली यादीच नाही. योसेमिटीच्या आत पकडलं तर काउंटीचा संबंधही येत नाही, ते प्रकरण फेडरल कोर्टात जातं.

त्यामुळे एका काउंटीत काही सापडलं नाही म्हणजे काहीच नाही, असं धरता येत नाही. आणि सापडलं तर तो हाच मुलगा, असंही नाही.

इंद्रायणीकाठ
आपल्याकडे ई-कोर्ट्सवर पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकलं की जिल्ह्यातल्या केसेस दिसतात. तिकडे एवढं सगळं ऑनलाइन असून हे जमत नाही?

आणि पोलिसांकडून नाही का कळत? आमच्या ओळखीत एकांनी मुलाची चौकशी थेट पोलीस ठाण्यातून करवली होती.

रेवा_पॅरालीगल
मी फौजदारी बचावाचं काम करणाऱ्या वकिलांच्या कचेरीत काम करते. वकील नाही, त्यामुळे याला कायदेशीर सल्ला समजू नका. पण हे कागद रोज हातात असतात, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी पोलिसांचं. अटक झाली तर नाव, तारीख, वेळ, कलम, जामिनाची रक्कम असा ठरावीक तपशील पोलिसांना मागितल्यावर द्यावा लागतो, पण पूर्ण रिपोर्ट तिऱ्हाईताला मिळत नाही. राज्याच्या न्याय विभागाकडे जी गुन्ह्यांची एकत्र नोंद असते, जिला सगळे रॅप शीट म्हणतात, ती तर मुळीच खुली नाही. ती ज्याची त्याला मिळते, आणि कायद्याने ज्यांना परवानगी दिली आहे त्यांना. ओळखीने कुणी पोलिसाने काढून दिली तर तो गुन्हा आहे. इंद्रायणीकाठ, त्या वाटेचा इथे विचारही करू नका.

डीएमव्हीकडचा, म्हणजे लायसन्स देणाऱ्या राज्याच्या खात्याकडचा, ड्रायव्हिंग रेकॉर्डही दुसऱ्याला सहजासहजी मिळत नाही. राहिलं कोर्ट. कोर्टाची फाइल मात्र खुली असते, एखाद्या न्यायाधीशाने ती सीलबंद केली नसेल तर.

आता ऑनलाइनचं. राज्याच्या कोर्ट नियमांत २.५०३ नावाचा नियम आहे. इंडेक्स, तारखांचं कॅलेंडर आणि केसची रोजनिशी, म्हणजे ज्याला रजिस्टर ऑफ अॅक्शन्स म्हणतात, हे शक्य तिथे घरबसल्या बघता यावं असं तो सांगतो. पण फौजदारी केसमधले प्रत्यक्ष कागद घरबसल्या दाखवू नयेत, ते कोर्टात येऊन बघावेत, असंही तोच सांगतो. म्हणून केसमध्ये काय झालं ते पडद्यावर दिसू शकतं, पण आरोपपत्राची प्रत दिसत नाही. कोर्टाचं काही लपवायचं आहे असं नाही. कागदांत पत्ते, साक्षीदार, वैद्यकीय माहिती असते, आणि ती जगभरातून कुणीही चाळावी असं नियम करणाऱ्यांना वाटलं नाही.

दुसरी गोष्ट आपल्या नावांच्या लोकांसाठी फार महत्त्वाची आहे. पूर्वी काही काउंट्यांच्या साइटवर नावासोबत जन्मतारीख किंवा लायसन्स नंबर टाकून शोध बारीक करता यायचा. २०२१ मध्ये रिव्हरसाइड काउंटीच्या कोर्टाविरुद्धच्या एका दाव्यात अपील कोर्टाने ठरवलं की नियम २.५०७ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक इंडेक्समध्ये जन्मतारीख आणि लायसन्स नंबर वापरायचाच नाही, शोधायची चाळणी म्हणूनही नाही. दावा लावणारी संघटना तुरुंगातून सुटून आलेल्या लोकांची होती. त्यांचं म्हणणं असं की इतक्या सहज शोधता आलं तर सुटून आलेल्या माणसाला ना नोकरी मिळते ना घर. पुढच्या वर्षी विधिमंडळाने ती सोय परत आणणारं विधेयक, एसबी १२६२, मंजूर केलं, पण गव्हर्नर न्यूसम यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये त्यावर व्हेटो वापरला. तेव्हा आज नाव हीच खूण. आणि नाव ही फार कच्ची खूण आहे.

हेडिंग स्ट्रीटवरच्या हॉल ऑफ जस्टिसमध्ये, मेन जेलच्या शेजारीच, फौजदारी विभागाची खिडकी आहे. तिथे नाव आणि अंदाजे वर्षं देऊन इंडेक्स बघायला सांगता येतं. शोधायला १० मिनिटांपेक्षा जास्त लागली तर १५ डॉलर, साध्या प्रतीला पानाला ५० सेंट, प्रमाणित प्रतीसाठी त्यावर ४० डॉलर. पालो आल्टो आणि मॉर्गन हिललाही कोर्टं आहेत, जुनी फाइल कुठे आहे ते आधी फोनवर विचारून घ्या. ट्रॅफिक तिकिटांच्या विभागात जाऊ नका. डीयूआय हा फौजदारी गुन्हा आहे, सिग्नल तोडल्याच्या रांगेत तो सापडणार नाही.

केसची माहिती काढायला कारण सांगावं लागत नाही. ओळखपत्र मागितलं तरी "तुम्ही यांचे कोण" हा प्रश्न कोर्टाचा नाही.

शेवंती
रेवा, किती नीट लिहिलंस! मी लगेच मानत नव्हते की पत्ता वेगळा आणि केसची काउंटी वेगळी असू शकते, पण सुहास यांचं आता पटलं.

काल हॉल ऑफ जस्टिसला जाऊन आले. खिडकीतल्या बाईंनी एक चिठ्ठी पुढे केली: नाव, मधलं नाव, वर्षं कुठपासून कुठपर्यंत. मधल्या नावाच्या चौकटीशी हात थबकला. आपण तिथे वडिलांचं नाव लिहितो, पण पासपोर्टवर, लायसन्सवर आणि कंपनीत ते तीन तऱ्हांनी असतं. कुठे नुसतं आद्याक्षर, कुठे पहिल्या नावाला चिकटलेलं, कुठे गायब. मी मोकळं सोडलं. त्यांनी शोधलं तर त्या नावाच्या एकाहून जास्त नोंदी निघाल्या. एकीत मधलं आद्याक्षर वेगळंच होतं, बाकीच्यांत नव्हतंच. फाइल काढू का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं आणि फक्त एका केसची रोजनिशी छापून घेतली, कारण त्यात २३१५२ हा आकडा दिसला. आता त्या कागदावरच्या ओळी मला वाचता येत नाहीत. नाव झाकून विचारते: व्हीसी २३१५२(ए) आणि व्हीसी २३१५२(बी) अशी दोन कलमं आहेत, दोन्हीपुढे एम. म्हणजे दोनदा पकडलं का? आणि खाली कुठेतरी २३१०३.५ आहे.

रेवा_पॅरालीगल
नाही, एकदाच. व्हीसी म्हणजे व्हेइकल कोड, वाहनांचा कायदा. जवळपास प्रत्येक केसमध्ये ही जोडी येते. (ए) म्हणजे नशेच्या अमलाखाली गाडी चालवणं आणि (बी) म्हणजे रक्तात ०.०८ टक्के किंवा जास्त अल्कोहोल असताना चालवणं. सरकारी वकील दोन्ही लावतात, शिक्षा एकाच घटनेची होते. एम म्हणजे मिसडिमीनर, कमी गंभीर गुन्हा. तिथे एफ असता तर गोष्ट वेगळी: कुणी जखमी झालं म्हणून २३१५३ लागलं, किंवा १० वर्षांतली चौथी वेळ.

२३१०३.५ दिसतंय म्हणजे त्या माणसाचा डीयूआय सिद्ध झाला नाही. तडजोड होऊन दारूशी संबंधित बेफिकीर ड्रायव्हिंगवर केस मिटली. याला इथे सगळे वेट रेकलेस म्हणतात. पुराव्यात कमतरता असते, आकडा ०.०८ च्या काठावर असतो, अशा वेळी हे घडतं. पण त्याच माणसाला १० वर्षांत पुन्हा पकडलं तर हाही मागचा डीयूआय म्हणूनच धरतात.

आरोप आणि निकाल या दोन वेगळ्या ओळी आहेत, एवढं प्रत्येक रोजनिशी वाचताना डोक्यात ठेवा. वर २३१५२ असतं आणि पैसे घेणारी साइट तेवढंच उचलून "डीयूआय" छापते. खाली "डिसमिस्ड" लिहिलेलं ती वाचतही नाही. पुढे आणखी काही वर्षांनी १२०३.४ या कलमाची ओळ आली असेल तर त्याने प्रोबेशन पूर्ण केलं आणि कोर्टाने दोषी ठरवल्याचा निकाल मागे घेऊन केस काढून टाकली, असा अर्थ. ती फाइल अदृश्य होत नाही, शेवटी ही ओळ जोडली जाते. अटक होऊन पुढे दोषी ठरलाच नाही तर ८५१.९१ खाली अटकेची नोंद सील करता येते, मग तुम्हाला खिडकीवर काहीच दिसणार नाही आणि दिसूही नये.

तुमच्या हातातला कागद कुणाचा, ते मात्र त्या कागदावरून कळत नाही. कृपया त्याचा फोटो काढून ठाण्याला बहिणीकडे पाठवू नका.

ओवी
रेवाच्या शेवटच्या वाक्याला जोरदार अनुमोदन. तो कागद एकदा कुटुंबाच्या ग्रुपवर गेला की "आपल्याला काय माहीत, असेलही" म्हणत दहा घरी पोचेल. तो मुलगा निर्दोष असला तरी पुढच्या प्रत्येक स्थळाला ते सांगितलं जाईल. इथल्या मराठी मंडळात सगळे सगळ्यांना ओळखतात.

शेवंतीताई, तुम्ही विचारलंत बरोबर आहे का म्हणून. मला वाटतं, मुलीने स्वतः त्याला विचारणं बरोबर आहे. लग्न तिचं आहे. आपण पाठीमागे फाइली उघडायच्या आणि समोर चहा प्यायचा, हे मला नाही पटत.

अपरा
ओवी, तुझं म्हणणं समजतं, पण दुसरी बाजू लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझ्या जवळच्या मैत्रिणीचा नवरा रात्री ऑफिसातून सायकलवर घरी येत होता. दारू प्यायलेल्या माणसाने त्याला उडवलं. तो गेला. त्या माणसावर पूर्वीचा डीयूआय होता. ही गोष्ट मैत्रिणीला सुनावणीत कळली, फाइल खुली होती म्हणून कळली. पहिल्या शिक्षेच्या वेळी न्यायाधीशांनी त्याला लेखी समज दिली होती की पुन्हा असं चालवलंस आणि कुणाचा जीव गेला तर खुनाचा आरोप लागू शकतो. कॅलिफोर्नियात ही समज द्यावीच लागते, तिला वॉटसन समज म्हणतात, १९८१ च्या एका निकालावरून. ती समज दिल्याचा कागद फाइलमध्ये असतो. पुढची केस त्याच कागदावर उभी राहिली.

म्हणून मला ही दारं बंद झालेली नको आहेत. मदर्स अगेन्स्ट ड्रंक ड्रायव्हिंग ही संस्था १९८० मध्ये ह्याच राज्यात, मुलगी गमावलेल्या एका आईने सुरू केली. तिचे स्वयंसेवक आजही अनेक ठिकाणी कोर्टात बसून बघतात की कुठल्या केसचं काय झालं, किती वेळा तारीख पुढे ढकलली. खुल्या नोंदी नसतील तर हे कसं बघणार?

आणि कुणी या धाग्यावर अशा अपघातातल्या घरचं असेल तर: तुम्हाला केस शोधत बसायची गरज नाही. २००८ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या मार्सीज लॉप्रमाणे पीडिताच्या कुटुंबाला मागणी केल्यावर सुनावणीच्या तारखा कळवाव्या लागतात, शिक्षेच्या वेळी बोलायचा हक्क असतो. डिस्ट्रिक्ट अॅटर्नीच्या (सरकारी वकिलांच्या) कार्यालयात पीडितांसाठी वेगळा विभाग असतो, त्यांना फोन करा. मैत्रिणीला हे कुणी सांगितलं नव्हतं, पहिली सुनावणी तिच्याविनाच झाली.

ओवी
अपरा, फार वाईट वाटलं वाचून. तुझ्या मैत्रिणीला माझा नमस्कार सांग. तू म्हणतेस तसल्या कामासाठी नोंदी खुल्याच हव्यात, यात माझा वाद नाही.

निनावी_बे
माझ्या धाकट्या भावाची केस आहे, म्हणून वेगळ्या आयडीने लिहितोय.

२३१०३.५ वरच मिटलेली. त्याने पुढे सहा महिने गाडीला हात लावला नाही, दारू सोडली ती आजतागायत. नोकरीच्या वेळी पार्श्वभूमी तपासणाऱ्या एका कंपनीने त्याच्या अहवालात "डीयूआय, दोन गुन्हे" असं लिहून पाठवलं. निकालाची ओळच नाही. त्याने कोर्टातून प्रमाणित प्रत काढली, त्या कंपनीला लेखी हरकत पाठवली. फेअर क्रेडिट रिपोर्टिंग अॅक्टप्रमाणे त्यांना साधारण ३० दिवसांत तपासून दुरुस्त करावं लागतं, तसं झालं. पण तोवर त्या आठवड्यांत त्याची झोप उडाली होती.

ज्यांची अशी केस असेल त्यांनी ती प्रत आजच काढून घरात ठेवा. गरज लागेल तेव्हा धावपळ करायची वेळ येऊ नये.

पारनेरकर
एक शंका. अटक कालच झाली असेल तर कोर्टात लगेच दिसते का? माझ्या रूममेटला परवा रात्री सोडलं, हातात एक गुलाबी कागद आहे आणि कोर्टाच्या साइटवर काहीच नाही. तो समजतोय की सुटलो.

रेवा_पॅरालीगल
पारनेरकर, सुटलेला नाही! हे आज वाचा आणि त्याला लगेच दाखवा.

पोलीस कागद डिस्ट्रिक्ट अॅटर्नीकडे पाठवतात, ते आरोपपत्र दाखल करतात, मग कोर्टात केस उघडते. रक्ताच्या तपासणीचा अहवाल येईपर्यंत महिने जाऊ शकतात. मिसडिमीनरसाठी सरकारकडे साधारण एक वर्ष असतं. साइटवर काही दिसत नाही म्हणून कागदावर दिलेल्या तारखेला गेला नाही तर अटक वॉरंट निघू शकतं.

आणि त्याहून तातडीचं: तो गुलाबी कागद बहुतेक लायसन्स निलंबनाचा आदेश आणि तात्पुरता परवाना आहे. ते प्रकरण कोर्टाचं नाही, डीएमव्हीचं. सुनावणी मागायला अटकेपासून फक्त १० दिवस असतात. ते उलटले की कोर्टात काहीही होवो, ३० दिवसांनी लायसन्स निलंबित होतं. या दोन वाटा एकमेकींना विचारत नाहीत. मुदत मोजायला त्याला आजच बसवा, आणि वकील गाठा.

तो व्हिसावर असेल तर तेही सांग. नोव्हेंबर २०१५ पासून परराष्ट्र खात्याचं धोरण आहे की मागच्या पाच वर्षांत डीयूआयची अटक झाली असेल तर व्हिसा रद्द करता येतो, दोषी ठरण्याची वाट न बघता. पासपोर्टवरचा शिक्का रद्द होतो, इथे असेपर्यंतचा एच-१ किंवा एफ-१ दर्जा तेवढ्यावरून जात नाही. पण भारतात गेला की परत येण्यासाठी नवा व्हिसा लागतो, आणि तेव्हा दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरांकडे तपासणी होते. दिवाळीला घरी जायची तिकिटं काढली असतील तर आधी इमिग्रेशन वकिलाशी बोला.

पारनेरकर
तो एच-१ वरच आहे. फोन लावला, उद्या सकाळची वेळ मिळाली. आभार.

शेवंती
मंडळी, पुढची हकीकत. बहिणीशी बोलले, भाचीशी वेगळं बोलले. कागदाबद्दल काही सांगितलं नाही, फक्त एवढंच की कानावर आलेली गोष्ट त्याला तूच विचार. तिने विचारलं.

त्याने आढेवेढे न घेता सांगितलं की हो, २०१९ मध्ये, सॅन मटेओ काउंटीत. दोषी ठरला, तीन वर्षं प्रोबेशन, तीन महिन्यांचा डीयूआयचा वर्ग, सगळं पूर्ण केलं, मग १२०३.४ झालं. भाचीने कागद मागितले नव्हते, त्यानेच आपल्या डीएमव्हीच्या रेकॉर्डची आणि कोर्टाच्या निकालाची प्रत पाठवली. म्हणजे माझ्या हातातला सांता क्लाराचा कागद भलत्याच माणसाचा होता. मी तो फाडून टाकला.

पुढे काय करायचं ते तिचं ती ठरवेल. तिने त्याला इथे येऊन भेटायचं ठरवलंय. बहिणीला थोडा वेळ लागेल, पण ती म्हणाली की स्वतःहून कागद पाठवणारा मुलगा आहे, हे तिने मनात नोंदवलंय.

साऊथबे_सुहास
ताई, फार छान हाताळलंत. ज्यांना पुढे हे वाचून उपयोग होईल त्यांच्यासाठी: आपला स्वतःचा ड्रायव्हिंग रेकॉर्ड डीएमव्हीच्या साइटवर २ डॉलरला मिळतो. १० वर्षांचा पूर्ण इतिहास हवा असेल तर कार्यालयात जाऊन एच-६ नावाचा मागा. डीयूआय १० वर्षं त्यावर राहतो, मग तो कुठल्याही काउंटीतला असो. कुणी विश्वासाने दाखवणार असेल तर तो कागद सगळ्यात सरळ.

मिलिंद_फ्रीमाँट
धागा वाचून धीर आला, म्हणून माझा प्रश्न. माझी २००८ ची केस, सांता क्लाराचीच, पहिली आणि एकच. १२०३.४ झालेलं आहे. आता नागरिकत्वाचा एन-४०० भरतोय. वकिलाने तेव्हा सांगितलं होतं की आता कुणी विचारलं तर "नाही" म्हणता येतं. फॉर्ममध्ये काय लिहू? आणि कोर्टात फोन केला तर म्हणाले, फाइल नष्ट केली.

रेवा_पॅरालीगल
मिलिंद, "हो" लिहायचं. १२०३.४ बहुतेक खासगी नोकऱ्यांच्या अर्जात उपयोगी पडतं, इमिग्रेशनमध्ये नाही. एन-४०० कधीही झालेली अटक, तिकीट, आरोप विचारतो, केस नंतर काढून टाकलेली असली तरी. तुमचे बोटांचे ठसे एफबीआयकडे जातातच, तिथे २००८ ची अटक दिसणार. एका जुन्या डीयूआयने सहसा नागरिकत्व अडत नाही, ते लपवण्याने अडतं. अर्जासाठी तपासल्या जाणाऱ्या वर्षांत दोन किंवा जास्त वेळा दोषी ठरला असता तर मात्र अवघड होतं. २०१९ च्या अॅटर्नी जनरलांच्या निकालापासून तशा माणसाची वर्तणूक चांगली नाही असं गृहीत धरतात आणि ते खोडून काढायची जबाबदारी त्याच्यावर येते.

फाइल नष्ट होणं नियमातच आहे. मिसडिमीनर डीयूआयच्या फाइली निकालानंतर १० वर्षं ठेवायच्या, पुढे नष्ट करता येतात. म्हणून कोर्टाकडून तसं पत्र घ्या: अमुक नाव, अमुक केस नंबर, नोंदी नियमाप्रमाणे नष्ट केल्या आहेत, प्रमाणित शिक्क्यासह. नुसतं फोनवरचं बोलणं चालणार नाही. रोजनिशी कधीकधी फाइलपेक्षा जास्त काळ राहते, खिडकीवर तीही आहे का ते वेगळं विचारा.

सोबत राज्याच्या न्याय विभागाकडून तुमची स्वतःची नोंद मागवा. लाइव्ह स्कॅनला बोटांचे ठसे द्यायचे, त्यांची फी २५ डॉलर, ठसे घेणाऱ्याचे वेगळे. एफबीआयची १८ डॉलर. त्या दोन्हींत निकाल लिहिलेला असेल तर कोर्टाच्या पत्रासोबत जोडा. निकाल नुसता "माहिती नाही" असा असेल तर त्या वेळच्या वकिलाच्या कचेरीत विचारा, त्यांच्या जुन्या खोक्यांत प्रत निघू शकते. वर्ग पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र, दंड भरल्याची पावती, जे असेल ते काढून ठेवा.

मिलिंद_फ्रीमाँट
वर्गाचं प्रमाणपत्र आहे माझ्याकडे, मूळ प्रत. पत्रासाठी टपालाने अर्ज चालतो का, की स्वतः जावं लागेल?

रेवा_पॅरालीगल
टपालानेही मागता येतं: केस नंबर, पूर्ण नाव जसं तेव्हा कोर्टात लिहिलं होतं तसं, फीचा चेक आणि स्वतःचा पत्ता-तिकीट लावलेला लिफाफा. पण चेक पाठवण्याआधी फौजदारी विभागाला फोन करून रक्कम विचारा, आणि मुलाखतीची तारीख जवळ असेल तर टपालावर विसंबू नका. स्वतः सकाळी लवकर जा.